नकाराची चिठ्ठी

आमच्या घरात माणसं चार आणि खुर्च्या सहा, तरी माझी थोरली जाऊ कायम उभी. जेवताना ताट हातात, टीव्ही बघताना दाराच्या चौकटीला खांदा लावलेला, फोनवर बोलताना या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या. पाहुणे आले की त्यांची पंचाईत व्हायची. घरातली वडील बाई उभी असताना आपण कसं बसायचं, म्हणून तेही अवघडून उठायचे आणि लवकर निघून जायचे. मी किती वेळा म्हटलं, अहो जाऊबाई, टेका की जरा, खुर्ची काय चावते का तुम्हाला? त्यावर त्या म्हणायच्या, बसलं की गुदमरतं. आणि गॅस बंद आहे का ते बघायला आत जायच्या. गॅस बंदच असायचा.

ही खोड जन्माची नव्हती. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या सरकारी इस्पितळात रुग्ण दाखल करण्याच्या खिडकीवर कारकून होत्या, आणि त्यांच्याइतकं ठाण मांडून बसणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. नऊला बसल्या की दीडलाच उठायच्या. दुसरी सवय म्हणजे लिहून ठेवणं. दूधवाला किती वाजता आला, नळाचं पाणी कधी गेलं, मी कोणत्या तारखेला फणकाऱ्याने काय बोलले, सगळं कॅलेंडरच्या चौकोनात बारीक अक्षरात. थोरले दीर म्हणायचे, बायकोशी भांडण्यात अर्थच नाही, तिच्याकडे पुरावा असतो. इस्पितळात सगळे त्यांना नोंदबाई म्हणायचे. तोंडावर कौतुकाने, पाठीमागे वैतागून.

वैतागायला कारण होतं. इस्पितळात तेव्हा एक परिपत्रक लागू होतं. खाटा थोड्या आणि गर्दी फार, म्हणून इस्पितळाच्या हद्दीत राहत असल्याचा दाखला असेल त्यालाच दाखल करायचं, बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या हद्दीच्या इस्पितळात पाठवायचं. बाकीचे कारकून काय करायचे, तर दाखला नसलेल्या माणसाला तोंडाने सांगायचे, दुसरीकडे न्या. संपलं. कागदावर तो माणूस आलाच नाही. आमच्या जाऊबाई मात्र परत पाठवलेल्यांचंही वेगळं रजिस्टर ठेवायच्या, वेळ आणि कारणासकट. अधीक्षकांनी दोनदा समज दिली होती की ही नसती उठाठेव कशाला. पण सांगणार कोणाला, पालथ्या घड्यावर पाणी.

अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी एक गवंडी परांचीवरून पडला. त्याच्या बायकोने त्याला सिमेंटच्या गोण्या वाहायच्या हातगाडीवर घातलं आणि ढकलत या खिडकीशी आणलं. ती खिडकी मी पाहिली आहे. जाड काच, खाली हात जाईल एवढी फट, आणि बाहेरचा कट्टा छातीइतका उंच. आत बसलेल्याला समोरच्याचं तोंड तेवढं दिसतं. खाली हातगाडी असो नाहीतर हत्ती, काही दिसायचं नाही.

जाऊबाईंनी दाखला मागितला. ते नवरा-बायको कामासाठी तीन महिन्यांपूर्वीच शहरात आले होते, दाखला कुठला असायला. जाऊबाईंनी टेबलावरचा फोन उचलून अधीक्षकांना विचारलं. ते म्हणाले, परिपत्रक बदललंय का? आणि फोन ठेवला. मग जाऊबाईंनी रजिस्टरमध्ये लिहिलं. तेव्हा ती बाई म्हणाली की मला तसं लिहून द्या, नाहीतर पुढच्या इस्पितळात विचारतील आधी तिथे का नाही नेलं. असली चिठ्ठी कधी कोणी दिली नव्हती. पण जाऊबाईंना ते रास्त वाटलं. त्यांनी नोंद उतरवली, सही केली, शिक्का मारला. ‘वेळ अकरा वीस. परांचीवरून पडला. अवस्था: बायकोच्या सांगण्यानुसार कमरेला मार. कारण: दाखला नसल्यामुळे परत. अधीक्षकांना फोनवर विचारले.’

दुसरं इस्पितळ चार किलोमीटर लांब होतं. गवंडी वाटेतच, एका सिग्नलपाशी गेला. चिठ्ठी बायकोच्या मुठीत होती.

पुढचं सगळं त्या चिठ्ठीने केलं. एका वकीलबाईंच्या हातात ती पडली आणि त्यांनी दावा लावला. इस्पितळात चौकशी बसली, तीसुद्धा कशाबद्दल, तर माणूस परत पाठवल्याबद्दल नाही, चिठ्ठी दिल्याबद्दल. कार्यालयीन माहिती बाहेर दिली म्हणून जाऊबाईंना मेमो, आणि खिडकीवरून थेट तळघरातल्या जुन्या कागदांच्या खोलीत बदली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मी घरात आदळआपट केली, त्या अधीक्षकाला यथेच्छ शिव्या घातल्या. जाऊबाई गॅस बघायला आत गेल्या. तेव्हापासून त्यांचं बसणं सुटलं. आम्हाला वाटलं तळघरात खुर्ची दिली नसेल, त्याची सवय लागली. मी डोकं चालवलं ते एवढंच.

सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, कोर्टाला तर वर्षं लागतात. पहिल्या कोर्टाने सांगितलं की नियम होता आणि तो पाळला गेला. त्याच्या वरच्या कोर्टाने सांगितलं की राज्यघटनेत इस्पितळात उपचार मिळण्याचा हक्क असा कुठे लिहिलेलाच नाही. आणि मग खटला देशातल्या सगळ्यात वरच्या कोर्टात गेला, पाच न्यायाधीशांपुढे.

आता मी काही वकील नाही. पण भांडण कशावर आहे ते समजून घेतल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून वकीलबाईंना विचारलं. त्यांनी घटनेतलं एक वाक्य दाखवलं. ‘कायद्याने ठरवलेल्या मार्गाखेरीज कोणाचाही जीव हिरावून घेता येणार नाही.’ बस, एवढंच. म्हटलं, मग घोडं कुठे अडलंय, गवंड्याला फाशी थोडीच दिली होती? वकीलबाई म्हणाल्या, तेच तर ठरायचं आहे. दारात मरणाऱ्याला आत न घेणं म्हणजे जीव हिरावणं की नाही.

आमच्या ह्यांचं मत वेगळं होतं, आणि ते रोज चहाबरोबर मिळायचं. ते म्हणायचे, इस्पितळं कशी चालवायची हे कोर्टाने सांगायचं, तर मग आपण मतं देऊन मंत्री कशाला निवडतो? आज इस्पितळ, उद्या कोर्ट सांगेल रस्ता इकडून काढा, परवा सांगेल शाळेत हे शिकवा. पाच माणसं, एकालाही आपण निवडलेलं नाही. मी तावातावाने भांडायचे, पण खरं सांगायचं तर त्यांच्या बोलण्यात अगदीच दम नव्हता असं नाही. दीर मधेच म्हणायचे, तू तुझ्या निवडून दिलेल्यांना गेल्या नऊ वर्षांत ते परिपत्रक बदलायला का नाही लावलंस? मग आमचे हे पेपर वर करायचे.

जाऊबाईंना यातलं काही नको होतं. त्यांनी वकीलबाईंना स्वतःहून प्रतिज्ञापत्र करून दिलं होतं की नोंद माझी, अक्षर माझं. त्यांना फक्त एकच गोष्ट हवी होती. कोर्ट माझ्याबद्दल काय म्हणतं ते मला ऐकायचं आहे, असं त्या म्हणायच्या. हे हसले, म्हणाले, वहिनी, एवढ्या मोठ्या कोर्टाला तुमच्यासाठी कुठला वेळ? जाऊबाई म्हणाल्या, "अख्खा खटला माझ्या अक्षरावर उभा आहे. दोन ओळी तरी लिहितीलच." आणि फेऱ्या सुरू.

सुनावणीला मी त्यांच्याबरोबर गेले. बसमध्ये अर्धा रस्ता त्या दांडीला धरून उभ्या, सीट रिकामी असताना. कोर्टात पाससाठी रांग, पिशव्यांची तपासणी, मग एकदाचं मागच्या बाकापर्यंत पोचलो. तिथल्या शिपायाने जाऊबाईंना तीनदा खुणावलं, बसा. चौथ्यांदा त्या टेकल्या, बाकाच्या अगदी कडेला, उठायच्या तयारीने.

सरकारचा वकील चांगला बोलत होता, हे मान्य करायला पाहिजे. तो म्हणाला की वाक्यात जीव घेऊ नका असं आहे, जीव वाचवाच असं नाही. खाटा किती, डॉक्टर किती, कोणाला आधी, हा कारभाराचा प्रश्न आहे आणि कारभार निवडून आलेल्यांनी करायचा आहे. मधल्या खुर्चीत एक वयस्क न्यायाधीशबाई होत्या, सर्दी झालेल्या, सारखा रुमाल नाकाला. त्या म्हणाल्या, "खाटा किती ते तुम्हीच ठरवा. पण दार तुमचं, कडी तुमची, आतला डॉक्टर तुमचा. कडी लावून घेतल्यावर बाहेरचा माणूस गेला, तर जीव आम्ही घेतला नाही असं कसं म्हणता?"

वकील उत्तर जुळवत होता, तेवढ्यात कडेचे न्यायाधीश, जे तोवर एक अक्षर बोलले नव्हते, त्यांनी चिठ्ठीची प्रत डोळ्यांजवळ धरली. म्हणाले, "इथे ‘बायकोच्या सांगण्यानुसार’ असं लिहिलंय. मग रुग्णाला पाहिलं कोणी?"

दोन्ही बाजूंचे वकील कागद उलटायला लागले. दोघांनाही सापडेना. पाहिल्याची नोंद नाही, असं शेवटी आमच्या वकीलबाईंनी सांगितलं. तेवढ्यात माझ्या मनगटात जाऊबाईंची नखं रुतली, आणि मी वळून बघते तो त्या दाराबाहेर. शोधत गेले तर लांबलचक व्हरांड्यात या टोकाकडून त्या टोकाकडे चालताहेत. मी अशी चिडले की विचारू नका. पहाटे उठून आलो, पाससाठी तंगडतोड केली, आणि ऐन रंगात आलेलं सोडून ह्या बाहेर. त्या म्हणाल्या, आत हवा नव्हती. हवा भरपूर होती, डोक्यावर पंखा गरगरत होता.

निकाल राखून ठेवला. पाच महिने. त्या पाच महिन्यांत जाऊबाईंनी आमचा जीव नकोसा केला. दर सोमवारी वकीलबाईंना फोन, दर तासाला बातम्या. भाजी चिरता चिरता सुरी ठेवून अंगणात जायच्या, परत यायच्या, कशाला गेले होते ते विसरायच्या. कॅलेंडरवर दुधाच्या नोंदी थांबल्या. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्या त्यांनी वेळेवर घेतल्या आणि काही फरक पडला नाही.

निकाल आला तो दिवस मंगळवार होता. वकीलबाईंनी प्रत पाठवली, एकशे अठरा पानांची. स्वयंपाकघराच्या टेबलाशी मी मोठ्याने वाचायला बसले. दीर एका बाजूला, हे दुसऱ्या बाजूला, जाऊबाई ओट्याला टेकून उभ्या. चार न्यायाधीश एका बाजूला होते. त्यांचं म्हणणं असं की जीव वाचवायची सोय सरकारने उभी केली, आणि माणूस दारात असताना कागदासाठी ती नाकारली, तर तो जीव हिरावणंच आहे. नऊ वर्षं कोणाला सापडला नव्हता तो हक्क त्या एका ओळीतच होता, असं त्यांनी सांगितलं. म्हणून देशातल्या यच्चयावत सरकारी इस्पितळांना हुकूम की आधी माणसाला पाहा, उपचार करा, कागद मागून मागा. आणि तरीही कोणाला परत पाठवायचं असेल तर त्याच्या हातात लेखी चिठ्ठी द्या. तिच्यावर वेळ, कारण, आणि रुग्णाला कोणी पाहिलं त्याचं नाव पाहिजेच. पाचवे न्यायाधीश एकटे पडले. त्यांनी लिहिलं की नियम वाईटच आहे, पण तो बदलायचं काम कायदेमंडळाचं, आपलं नाही. आमच्या ह्यांनी टेबलावर थाप मारली, म्हणाले, निदान एक तरी शहाणा निघाला.

म्हटलं, थांबा हो, आणि पानं उलटत राहिले. चौऱ्याहत्तराव्या परिच्छेदात सापडलं. ‘खिडकीवरील कारकुनाने नियमाचे पालन केले. दोष नियमाचा आहे, तिचा नव्हे. तिने प्रामाणिकपणे नोंद ठेवली नसती, तर हा प्रश्न या न्यायालयापुढे आलाच नसता.’

मला रडू फुटलं. दीर उठून खिडकीशी गेले. जाऊबाईंनी मला तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला, मग आणखी एकदा. मग म्हणाल्या, "एवढंच?" आणि गॅसची कळ तपासली.

माझं डोकंच फिरलं. देशातलं सगळ्यात मोठं कोर्ट छापील अक्षरात निर्दोष म्हणतंय, आणखी कोणाचं सर्टिफिकेट पाहिजे तुम्हाला, असं मी बरंच काही बोलले. दहा वर्षांचं साठलेलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं. कॅलेंडरवर लिहिलंसुद्धा नाही.

तीन महिन्यांत नकाराच्या चिठ्ठ्यांची छापील पुस्तकं देशभर पोचली. शंभर जोडपानं, वरचं पांढरं रुग्णाला द्यायचं, खालचं पिवळं पुस्तकात राहायचं. ठिकठिकाणच्या कारकुनांनी कपाळाला हात लावले. नकार देणं आता स्वीकारण्यापेक्षा कटकटीचं झालं होतं, आणि बहुतेक तेवढ्यासाठीच खिडक्या उघडायला लागल्या. जाऊबाईंची जुनी खोड सगळ्या देशाचा नियम झाली. इस्पितळाने लाजेकाजेस्तव त्यांना परत त्याच खिडकीवर बसवलं. बसवलं म्हणायचं आपलं. पहिल्याच दिवशी त्यांनी खुर्ची बाहेर काढायला लावली. निवृत्तीला सात महिने राहिले होते, ते सगळे त्यांनी काचेमागे उभ्याने काढले, आणि कोणी आलं की आधी वाकून कट्ट्याखाली बघायच्या.

निवृत्तीच्या दिवशी सामान आणायला मी गेले होते. भेट मिळालेलं घड्याळ, एक रोपटं, आणि टेबलाचा खण रिकामा करायचा होता. चिठ्ठ्यांचं पुस्तक नव्या कारकुनाच्या ताब्यात द्यायचं म्हणून मी ते सहज चाळलं. सात महिन्यांत जाऊबाईंनी एकालाही परत पाठवलं नव्हतं, पुस्तक कोरंच असणार. पण पहिल्याच जोडपानातलं पांढरं फाडलेलं होतं, आणि खालचं पिवळं भरलेलं.

तारीख अकरा वर्षांपूर्वीची. वेळ अकरा वीस. रुग्ण: गवंडी, परांचीवरून पडलेला. रुग्णाला कोणी पाहिले: कोणीही नाही. कारण: मी उठले नाही.

मी पुस्तक मिटलं. सबंध अकरा वर्षं या बाईला खुर्चीवरून टोमणे मारले होते मी. पांढरं पान कुठे आहे विचारलं, तर जाऊबाईंनी पर्सवर हात ठेवला. म्हणाल्या, द्यायचं आहे, तू येतेस का?

गवंड्याची बायको शहराच्या टोकाला एका खोलीत राहत होती, गाद्यांच्या खोळी शिवायची. मशीन, पलंगावर कापडाचा ढीग, एक स्टूल. तिने जाऊबाईंना लगेच ओळखलं, मला नाही. जाऊबाईंनी पान पुढे केलं. तिने ते बोट फिरवत फिरवत वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"मी तेव्हा म्हणाले होते, जरा उठून बघा," ती म्हणाली. "जाड काच होती. तुम्हाला ऐकू गेलं नसेल असं धरून चालले. म्हणून वकीलबाईंनाही कधी सांगितलं नाही."

"ऐकू आलं होतं," जाऊबाई म्हणाल्या.

बाहेर कोणीतरी बादली भरत होतं, ती भरून वाहायला लागली तरी नळ बंद होईना. मला पळून जावंसं वाटलं. गवंड्याच्या बायकोने विचारलं, कोर्टाने तर तुम्हाला सोडलं, मग हे कशाला आणलं? जाऊबाई म्हणाल्या, "पहिल्या चिठ्ठीवर मी कारण चुकीचं लिहिलं होतं."

ती बाई उठली. फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. कोर्टातून परत आलेली ती जुनी चिठ्ठी त्यात होती, घड्यांवर फाटून मागून चिकटपट्टी लावलेली. तिने दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि झाकण लावलं. म्हणाली, माफ केलं असं काही मी म्हणणार नाही. जाऊबाई म्हणाल्या, मी ते मागायला आले नाही.

मग तिने स्टुलावरचं कापड उचलून पलंगावर टाकलं आणि स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"बसा," ती म्हणाली.

जाऊबाई बसल्या. पाठ टेकायला भिंत होती, तिला पाठ टेकून नीट बसल्या, आणि तासभर उठल्या नाहीत. त्या घरात स्टूल एकच होतं, म्हणून मी दाराशी उभी राहिले.